तो आळशी नव्हता

(कापणीच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



आज मी हिशोब वाचणार नाही. एका तरुणाविषयी सांगते. नाव सांगत नाही, तशी त्याची विनंती आहे.

धडगाव तालुक्यातला, दहावी पास. घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि बाराव्या दिवशी परत आला. मुकादमाची उचल अंगावर राहिली. पाड्यावर सगळे म्हणाले, आळशी आहे. आपल्यातल्या एका बंधूंनीही मला पौलाचे बोल ऐकवले, काम न करणाऱ्याने खाऊही नये म्हणून. मी थेस्सलनीकाकरांस लिहिलेले दुसरे पत्र उघडून त्यांना दाखवले. पौल बोलतो ते ज्याला कामाची इच्छाच नाही त्याच्याविषयी. या मुलाला इच्छा होती, अंग साथ देत नव्हते.

रक्त तपासले, सिकलसेल निघाला. आपल्या सातपुड्यात हा आजार किती घरांत आहे, तुम्ही जाणता. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. थंडी, तहान आणि अति श्रम यांनी त्या वाढतात. ऊसाच्या फडात हे तिन्ही असते. (जो नुसता वाहक आहे त्याला सहसा असा त्रास होत नाही. तेव्हा नाव ऐकूनच कुणाला कामावरून काढू नका.)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरले तर उच्च शिक्षणात राखीव जागा मिळते. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांच्या गटांत हा आजार नाही. म्हणजे दाखला काढावा, आम्ही काढायला मदत करतोच, तीन-तीन फेऱ्या झाल्या तरी. पण त्यावर नोकरी मिळेल या आशेवर त्याला बसवून ठेवणे बरे नव्हे. काम इथेच, आपल्यातच शोधावे लागते.

त्याला काम मिळाले ते बियाण्याच्या दुकानात. गल्ल्यावर बसायचे, वही लिहायची, पोती उचलायची नाहीत. दोन महिने छान गेले. मग डिसेंबरची थंडी आली, पाच दिवस तो अंथरुणावर. दुकानदारांचा मला फोन, “ताई, मी दुसरा पोरगा बघतो.”

खरे सांगते, काम मिळवून देणे त्या मानाने सोपे होते. त्या फोननंतरच्या दोन तासांत सगळे ठरले. मी दुकानात जाऊन बसले. दुखणे आले की सकाळीच कळवायचे, त्या दिवसांची मजुरी कापायची पण जागा ठेवायची, गल्ल्याजवळ पाण्याचा तांब्या, आणि तो नसेल तेव्हा त्याची बहीण वही लिहील. दुकानदार म्हणाले, “एवढेच होते तर आधी सांगायचे.” चूक माझी होती, मी आधी सांगितले नव्हते.

त्याने उचल अर्धी फेडली आहे. असे आणखी सात जण माझ्या वहीत आहेत. कुणाला बसून काम हवे, कुणाला दिवसाचे चारच तास. तुमच्यापैकी कुणाचे दुकान असेल, पिठाची गिरणी असेल, शिलाईकाम असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. मी दाराशी वही घेऊन उभी आहे.