नववीच्या मुलीची एसटी

आपल्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. पुढचं हायस्कूल तालुक्याला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आधारही आठवीपर्यंतच. नववीत मुलगी घरी बसली, की मागोमाग स्थळं येतात.

अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. पण गाडीच शाळा सुटायच्या आधी निघून गेली, तर पास काय कामाचा? आमच्याकडं तसंच व्हायचं. मग गटाच्या बैठकीत ठराव केला, मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं, डेपोत अर्ज देऊन पोच घेतली. तीन हेलपाटे झाले. आता गाडी शाळा सुटल्यावर निघते.

बचतीचा हिशेब झाला, की तुमच्याही बैठकीत विचारा, कुणाची पोर घरी बसलीय?