रात्री साडेअकराला १०९८ लावला, मग पुढे काय झालं?

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय ना' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. आज एका फोन नंबरबद्दल बोलायचंय. दहा-नऊ-आठ. १०९८. शाळेच्या पुस्तकामागे, रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर तुम्ही तो शंभर वेळा बघितला असेल. मीही बघितला होता. पण तो लावायची वेळ आली तेव्हा मी चाळीस मिनिटं घालवली. ती चाळीस मिनिटं हाच आजचा भाग.

झालं असं की मी सुट्टीला गावी निघालो होतो. मध्ये एका स्टँडवर गाडी बदलायची होती. कुठला स्टँड ते मुद्दाम सांगत नाहीये, का ते शेवटी कळेल. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. बाकड्यावर एक मुलगा बसलेला, असेल आठेक वर्षांचा. पायात दोन वेगवेगळ्या चपला. बरोबर कोणी नाही. मी नाव विचारलं, तो काहीच बोलला नाही. बिस्किटाचा पुडा दिला, तो त्याने घेतला पण फोडला नाही.

मग गर्दी जमली. एक काका म्हणाले, "आई येईल, इथंच कुठंतरी गेली असंल." दुसरे म्हणाले, "पळून आलाय, एक ठेवून द्या, बोलेल बरोबर." एक जण तर त्याला घरी न्यायला तयार. आणि मी काय केलं? मी सुशिक्षित, बीटेक झालेला माणूस. मी त्याचा फोटो काढला आणि तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "कोणी ओळखत असल्यास कळवा, जास्तीत जास्त शेअर करा." आणि काहीतरी भारी केल्यासारखं वाट बघत बसलो.

शेवटी तिथल्या चहावाल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "अरे दादा, तुझ्या मागं भिंतीवर नंबर लिवलाय, तो लाव की!" वळून बघितलं. खरंच, माझ्या डोक्याच्या बरोबर मागे. १०९८.

लावला. पलीकडून एका ताईंचा आवाज. मला वाटलं आता माझंच नाव, पत्ता, आधार नंबर सुरू होणार. तसं झालं नाही. पहिला प्रश्न होता, "मूल आत्ता तुमच्या नजरेसमोर आहे का?" दुसरा, "त्याला कुठं लागलंय का, आजारी वाटतंय का?" तिसरा, "तिथे त्याला कोणी त्रास देतंय का, न्यायचा प्रयत्न करतंय का?" मग नेमकी जागा, फलाट नंबर, जवळची खूण. आणि मग म्हणाल्या, "त्याला खोदून खोदून विचारू नका. नुसते शेजारी बसा. फोन चालू ठेवा."

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी बॅकएंडवर काम करतो. दर चौथ्या आठवड्याला माझी ऑन-कॉल ड्युटी असते. रात्री तीनला फोन वाजला की उठायचं, लॅपटॉप उघडायचा आणि दोन मिनिटांत ठरवायचं: हे आत्ता बघायचं की सकाळी? त्या ताईंनी तीन प्रश्नांत अगदी तेच केलं होतं. फरक इतकाच की माझ्या इथे चूक झाली तर कुणाचं तरी पेमेंट अडकतं. तिथे चूक झाली तर मूल हरवतं.

बालसंरक्षणाच्या कामात या पहिल्या टप्प्याला 'इनटेक' म्हणतात. सोप्या भाषेत, आलेल्या फोनची नोंद घेणं आणि तो कुठे पाठवायचा ते ठरवणं. जिवाला धोका असेल, अत्याचार चालू असेल, मूल रस्त्यावर एकटं असेल, तर ती आणीबाणी. ती ११२ कडे, म्हणजे पोलिसांच्या यंत्रणेकडे जाते. बाकीचे फोन जिल्ह्यातल्या चाइल्ड हेल्पलाइनच्या माणसांकडे. काही फोन नुसती माहिती विचारणारे. आणि बरेचसे फोन असे की पलीकडे कोणी बोलतच नाही.

या न बोलणाऱ्या फोनबद्दल थोडं थांबून सांगतो. आपण म्हणू, कट करा, वेळ कशाला घालवायचा? पण एखादं मूल आधी नुसतं बघत असतं की फोन कोणी उचलतं का, आवाज कसा आहे, ओरडतात का. दोन-तीनदा असं करून मग चौथ्या वेळी ते बोलतं. माझ्या कामात सारखा खोटा अलर्ट आला तर मी तो बंद करून टाकतो. इथे तो बंद करता येत नाही. शंभरावा फोनही पहिल्यासारखाच उचलावा लागतो. हे काम किती दमवणारं असेल विचार करा.

थोडा इतिहास. ही हेल्पलाइन सुरू झाली आपल्या मुंबईत, १९९६ साली. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करत होत्या. अडचण आली की मुलं त्यांनाच फोन करायची, आणि अडचण काही ऑफिसची वेळ बघून येत नाही. कुणाला रात्री ताप भरलाय, कुणाला कुणी मारलंय. म्हणजे बघा, या सेवेचं मूळच 'ऑफिस बंद झाल्यावर काय?' या प्रश्नात आहे. दस-नौ-आठ हा उलट मोजणीसारखा नंबर मुलांच्या तोंडात पटकन बसावा म्हणून.

पुढे बरीच वर्षं हे काम चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्था बघत होत्या. साठ मिनिटांत मुलापर्यंत पोचायचं, हे त्यांचं ध्येय. २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली हे काम टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांच्या महिला व बालविकास विभागांकडे आलं आणि ११२ ला जोडलं गेलं. राज्याची कंट्रोल रूम, खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि त्याची हेल्पलाइनची माणसं, अशी रचना.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. रात्र.

दिवसा सगळं असतं. बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, मुलाबद्दलचे निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना. ऑफिस उघडं असतं, साहेब फोन उचलतात, गाडी मिळते. पण रात्री साडेअकराला? बाल न्याय कायदा २०१५ लिहिणाऱ्यांनी याचा विचार केलाय. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आणायचं. समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढे आणता येतं, आणि तो सदस्य मुलाला बालगृहात ठेवायला सांगू शकतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. पोक्सो कायदा तर स्पष्ट सांगतो की मुलाला कुठल्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही.

वाचायला छान वाटतं ना? पण कायद्याने वेळ बांधून दिली तरी ती पाळायला कुणीतरी जागं लागतं. आज रात्री कुठल्या सदस्याला फोन करायचा? त्यांनी नाही उचलला तर पुढचा नंबर कुणाचा? मुलगी असेल तर महिला कर्मचारी ड्युटीवर आहे का? कुठल्या बालगृहात जागा आहे? गाडी कुणाची? यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर 'सकाळी बघू' असं असलं, तर मूल रात्रभर खुर्चीवर बसून राहतं. आणि सगळ्यात धोक्याची वेळ सकाळची, पाळी बदलण्याची. रात्रीच्या माणसाला जे माहीत आहे ते दिवसाच्या माणसाला कळलं नाही, तर त्याच मुलाला तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. 'कोणी मारलं?' हे मुलाने किती जणांना सांगायचं?

आमच्याकडे पाळी बदलताना तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही, आणि कुणी किती वाजेपर्यंत काय करायचंय. तीन ओळी असतात. पण त्या नसल्या की काय गोंधळ होतो ते मी भोगलंय. मुलांच्या कामात या तीन ओळींची किंमत कितीतरी जास्त.

तुमच्यातले काही जण म्हणतील, यात एआय का नाही लावत? तर तेही झालंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलेगेनी काउंटी आहे, पिट्सबर्ग शहर त्यातच येतं. तिथे ऑगस्ट २०१६ पासून फोन आला की सॉफ्टवेअर सरकारी नोंदी बघून १ ते २० असा धोक्याचा आकडा देतं. चौकशी करायची की नाही हे माणूसच ठरवतो, आकडा फक्त समोर असतो. पण त्यावर मोठा वाद झाला. कारण सरकारी नोंदी कुणाच्या जास्त असतात? जो सरकारी मदत घेतो त्याच्या. म्हणजे गरिबाच्या. श्रीमंताच्या घरात काय चाललंय याचा डेटा त्या सिस्टिमला दिसतच नाही.

आपल्याकडेही हा धोका आहेच, सॉफ्टवेअर नसतानाही. फुटपाथवर आईच्या कुशीत झोपलेलं मूल आणि स्टँडवर एकटं बसलेलं मूल, दोघंही आपल्याला 'बिचारं' दिसतात. पण पहिल्याला आई आहे. तिथे प्रश्न गरिबीचा आहे. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. हा फरक ओळखायला शिकलेला माणूसच लागतो, रात्रीसुद्धा.

परत स्टँडवर येऊ. वीसेक मिनिटांत पोलिसांची गाडी आली, बरोबर एक महिला कॉन्स्टेबल. थोड्या वेळाने हेल्पलाइनचे एक दादा दुचाकीवर आले. त्यांनी मुलाला काहीच विचारलं नाही. खाली जमिनीवर बसले, म्हणजे मुलाच्या नजरेच्या पातळीत आले, आणि त्याच्या चपलेकडे बघून म्हणाले, "एक माझ्या मापाची दिसतेय." मुलगा पहिल्यांदा हसला. मग त्याने बिस्किटाचा पुडा फोडला.

जाताना त्या दादांनी मला बाजूला घेतलं. "फोटो टाकलाय का कुठं?" मी अभिमानाने हो म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "काढा तो. घरून मारामुळं पळाला असला, तर ज्याच्यापासून पळाला त्यालाच तुम्ही पत्ता दिलात."

माझ्या पोटात गोळा आला. मी डिलीट केला, पण तोवर तो फॉरवर्ड होऊन कुठे कुठे गेला होता, मला कसं कळणार? नंतर वाचलं, अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. म्हणून मंडळी, स्टँडचं नाव सांगितलं नाही.

तर तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, अठरा वर्षांखालचं कुणीही अडचणीत दिसलं तर १०९८, आणि जिवावरचं असेल तर सरळ ११२. दोन, तुम्ही चौकशी अधिकारी नाही. तुम्हाला खात्री असायची गरज नाही, शंका पुरेशी आहे. ठरवायचं काम पलीकडच्या माणसाचं. तीन, फोटो नाही, ग्रुप नाही, घरी नेणं नाही. कुणीतरी येईपर्यंत शेजारी बसा. चार, 'आपल्याला काय करायचंय' ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. हरवलेलं किंवा टाकून दिलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटची गोष्ट. दोन दिवसांनी मी परत फोन केला. त्या मुलाचं काय झालं, घरी पोचला का? पलीकडून नम्रपणे सांगितलं, "सर, ते सांगता येणार नाही." मला राग आला. मी फोन केला होता, मी बसलो होतो त्याच्याजवळ, माझा एवढाही हक्क नाही?

मग लक्षात आलं. मला सांगितलं असतं, तर उद्या ज्याच्यापासून तो पळाला त्यालाही असंच कुणीतरी सांगितलं असतं. मला उत्तर मिळालं नाही, म्हणजे तिथे दार नीट लावलेलं आहे.

त्याचं नाव मला अजून माहीत नाही. माहीत नाही तेच बरं. पण त्या चाळीस मिनिटांचं मला वाईट वाटतं. तुमची चाळीस मिनिटं वाचावीत म्हणून हा भाग.

आत्ता लगेच एक करा. मोबाइलमध्ये १०९८ सेव्ह करा. कुठल्या नावाने करायचा ते तुम्ही ठरवा. मी 'मावशींचा नंबर' म्हणून केलाय.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, स्वतःची आणि आजूबाजूच्या पोरांचीही.