जुना ब्लॉक, नवे पिस्टन



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही पगारवाढीवर बोलू, असे त्यांना वाटले असेल. त्यावर आम्ही वर्षभर बोलतच असतो. आज इंजिनावर बोलावयाचे आहे, आणि तेही उघडून पुन्हा उभ्या केलेल्या इंजिनावर.

तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या बाजूची सडकेकडेची गॅरेजे आपण पाहिली असतील. एका ट्रकचा ब्लॉक, दुसऱ्याचा क्रँक आणि बाजारातून आणलेले तिसऱ्याच मॉडेलचे पिस्टन, असा संसार तेथे मांडला जातो. शहाणी माणसे याला हसतात. आम्ही हसत नाही. ज्याची गाडी उभी आहे आणि कर्जाचा हप्ता चालू आहे, त्याने जुन्या मॉडेलचा भाग मिळेपर्यंत थांबावे तरी कसे?

परदेशांतही हे चालते. जपानच्या माझदा कंपनीच्या मोटारींत एक फिरते इंजिन असे. आम्ही ते हाताळलेले नाही, फक्त वाचले आहे. त्यात पिस्टन वरखाली होत नाही. तीन कोनांचा रोटर फिरतो आणि त्याच्या प्रत्येक कोनावर सीलची एक पट्टी असते. १९८६ च्या मॉडेलात ही पट्टी ३ मिलिमीटरवरून २ वर आली. जुन्या रोटरच्या खाचेत नवी पट्टी घातली तर ती खुळखुळणार. उलट, नव्या रोटरची खाच रुंद करून जाड पट्टी बसविणारे कारागीर आहेत. मात्र रोटर बदलला की वजन बदलते, आणि तोल राखणारे वजनही त्याच्या जोडीचेच घ्यावे लागते. म्हणजे मिसळण्याला बंदी नाही. कोणाची सोयरीक कोणाशी जुळते, एवढे ठाऊक हवे.

आमच्या डिझेल इंजिनातही तेच. पाण्याचा पंप, पंखा, ऑइलचे चेंबर, नट जुळले की झाले. क्रँक ग्राइंड करून पाव मिलिमीटर उतरविला असेल तर बेअरिंगही त्याच मापाचे पाहिजे, नाही तर ऑइलचे प्रेशर राहात नाही. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी एकत्र बोअर केलेली असतात; म्हणून दोहोंवर एकच नंबर ठोकतात. डिझेल पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांची तर लग्नगाठच. त्यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन जोड्यांतही अदलाबदल चालत नाही.

सर्वांत फसवा पिस्टन. मॉडेल बदलले की त्याच्या डोक्यावरच्या वाटीची खोली-रुंदी बदलते आणि नोझलच्या फवाऱ्याचा कोनही बदलतो. बाहेरून मात्र दोन्ही पिस्टन एकाच मापाचे. लाइनरमध्ये गुपचूप बसतात.

असेच पिस्टन एका गॅरेजात आले. स्वस्त मिळाले म्हणून मालकांनी आणले. बावीस वर्षांचा फिटर म्हणाला, "मालक, नोझल जुनेच हाय, जुळायचं न्हाई." मालक म्हणाले, "लाव." त्याने लावले. भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात चढताना पिस्टनला भोक पडले. माणसे वाचली, पण फिटरचा तीन महिन्यांचा पगार कापला गेला.

आम्ही गेलो तेव्हा कागद कोणताच नव्हता. मग, लहानपणी आमच्या हातात पाना देणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रींना आम्ही रिक्षात घालून आणले. त्यांनी जळालेला पिस्टन उन्हात धरला, वाटीच्या काठावरचा डाग बोटाने दाखविला आणि झब्ब्यातून वही काढली. कोणत्या मॉडेलला कोणते नोझल, हे तीत उर्दूत लिहिलेले; त्यांची शाळा निजामाच्या अमलातली. आम्हांला ती लिपी येत नाही. मेस्त्री वाचीत गेले, आणि मालक ऐकत राहिले.

त्या दिवशी दोन महिन्यांचा पगार परत मिळाला. आणखी एक गोष्ट ठरली. इंजिन उभे केले की कोणता भाग कोणत्या मॉडेलचा, कोणी आणला आणि फिटरची हरकत होती काय, याची चिठ्ठी करावयाची. एक प्रत गाडीवाल्याला, एक फिटरला. सही करताना मालक कुरकुरतात, कारण त्या कागदाने तेही बांधले जातात. इतर गॅरेजवाले तर चिठ्ठीचे नाव काढले की चहा मागवितात आणि विषय बदलतात.

मेस्त्री गेले. त्यांची वही नातवाकडून वाचून घेऊन त्या फिटरने मराठीत उतरविली आणि नव्या मॉडेलांची पाने स्वतः जोडली. तिसऱ्या महिन्याचा पगार त्याला अजून मिळावयाचा आहे.