रुग्ण वाटेत असताना

व्यासपीठावरील मान्यवर, धुळ्या-नंदुरबारहून पहाटे अंधारात निघून आलेले सहकारी, सिस्टर आणि ब्रदर, १०८ च्या गाड्यांवरचे डॉक्टर आणि पायलट, बायोमेडिकल इंजिनिअर मंडळी, आणि पहिल्या रांगेत आग्रहानं बसवलेले आमच्या वॉर्डांतले मामा आणि मावश्या! तुम्ही सगळा ऊनात, भलतं बरं वाटनं. जळगावात तुमचं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षानं आपल्या गावाची ओळख करून द्यावी, असा रिवाज आहे. पण इथली केळी, इथलं सोनं आणि बहिणाबाईंचं आसोदं तुम्हाला मी सांगायला नको. भरिताचे दिवस आहेत, दुपारच्या पानात ते आहेच. मिळालेली मिनिटं मला एका वस्तूसाठी वापरू द्या. रुग्णाला थिएटरमधून आयसीयूत, आयसीयूतून सीटी स्कॅनला किंवा एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना त्याच्यासोबत जो छोटा मॉनिटर जातो, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे. भूलतज्ज्ञ म्हणून माझी सारी उमेद या पेटीकडे बघण्यात गेली.

साधारण वीस वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंना आम्ही थिएटरमधून वरच्या मजल्यावर आयसीयूत नेत होतो. घशात नळी होती. मी डोक्याशी, हातात अंबू बॅग. पायाशी ट्रॉली ओढणारे मामा. मॉनिटर ठेवायला ट्रॉलीवर जागाच नव्हती, म्हणून नेहमीसारखा तो बाईंच्या दोन पायांच्या मधे, चादरीवर. कुठं अडकवायला हूक नाही, बांधायला पट्टा नाही. हातात धरायची मूठ अशा ठिकाणी, की पेटी आडवी ठेवली की पडदा पायांकडे फिरे. म्हणजे ज्याला आकडे कळतात त्याच्याकडे पेटीची पाठ, आणि ज्याच्याकडे पडदा त्याला आकड्यांचा अर्थ कधी कुणी सांगितलेला नाही. ईसीजीची एक लीड घामानं सुटत होती, त्यामुळे अलार्म सारखा वाजत होता. निघताना कुणीतरी तो बंद केला. लीडचा अलार्म बंद केला, असंच आम्ही समजलो. त्या यंत्रात एकच बटण होतं आणि ते सगळेच आवाज बंद करत होतं.

लिफ्टच्या उंबऱ्याशी ट्रॉलीचं पुढचं चाक फटीत गेलं, हिसका बसला. दार लागलं. बॅग दाबताना हाताला जरा जड लागलं, पण मला वाटलं, बाई जाग्या होताहेत. तेवढ्यात मामा म्हणाले, ‘‘साहेब, तो निळा आकडा कमी कमी होत चाललाय.’’ मी वाकून पाहिलं. सॅच्युरेशन ७४. हिसक्यानं नळी तोंडाशी दुमडली होती. सरळ केली, आकडा हळूहळू चढला. बाई बाराव्या दिवशी चालत घरी गेल्या. मामांना त्या रात्री मी चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मामांना निळ्या आकड्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली. पण मित्रहो, त्या लिफ्टमध्ये बाईंचा जीव त्या यंत्रानं राखला नाही. यंत्र आकडा बरोबर दाखवत होतं. तो दिसायला हवा तिथं दिसत नव्हता आणि ऐकू यायला हवा तेव्हा मुका होता.

थिएटरमध्ये आपण पल्स ऑक्सिमीटरकडे फारसं बघतही नाही. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागचं तत्त्व शोधलं, आणि पुढे त्याला जोड मिळाली ती उतरत्या सुराची. सॅच्युरेशन घसरलं की बीपचा सूर खाली येतो, आणि टाके घालणारे सर्जनसुद्धा मान वर करतात. हा कान आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीनं लाभलेला आहे. पण रुग्ण थिएटरच्या दाराबाहेर पडला की तो कान निकामी होतो. लहान पेटीचा लहान स्पीकर, तोही पुष्कळदा मागच्या बाजूला, गादीत तोंड खुपसून. अॅम्ब्युलन्समध्ये वर सायरन आणि खाली डिझेल इंजिन. तिथं सूर उतरला काय आणि चढला काय, कुणाला कळणार?

तारांचं सांगतो. आपल्याकडे ईसीजी लीडच्या रंगांच्या दोन पद्धती नांदतात. अमेरिकी पद्धतीत लाल तार डाव्या पायाची, युरोपीय पद्धतीत तीच लाल उजव्या हाताची. हिरवी एकीकडे उजव्या पायाची, दुसरीकडे डाव्या. एकाच रुग्णालयात वॉर्डातला मॉनिटर एका पद्धतीचा आणि ट्रॉलीवरचा दुसऱ्या, असं मी किती वेळा पाहिलं असेल! रात्री तीनला, एकटी सिस्टर, रुग्ण घामाघूम. तिनं रंग पाहून तारा लावल्या आणि आलेख उलटा आला, तर आपण चूक तिच्या नावावर लिहितो. तसंच प्रोबचं. एका कंपनीचा प्रोब दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसत नाही, म्हणून थिएटरच्या दारात एकदा आणि आयसीयूच्या दारात एकदा सगळं काढून पुन्हा लावायचं. नेमका रुग्ण हलवण्याचा, म्हणजे सर्वांत धोक्याचा तो एक-दोन मिनिटांचा काळ आपण आंधळे असतो.

आणि आपला उन्हाळा! बहुतेक मॉनिटरच्या माहितीपुस्तकात वापरायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याखाली किती होत असेल ते आमच्या पायलटांना विचारा. त्या उष्म्यात इलेक्ट्रोडची जेल सुकते, चिकटपट्टी घामानं निसटते, मागच्या दारातून ऊन आलं की पडद्यावरचे आकडे पुसल्यासारखे होतात. बॅटरीचं आयुष्य तर उष्णता आतून खाते. बारा महिने चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी पडद्यावर तीन कांड्या दाखवते आणि एरंडोल यायच्या आत शेवटच्या कांडीवर येते. उरलेला वेळ मिनिटांत दाखवणारे मॉनिटर आहेत, पण स्वस्तातल्या यंत्रांत अजून कांड्याच. वाटेत बीपीचा कफ दर पाच मिनिटांनी फुगतो तेव्हा त्याचा पंप बॅटरी किती ओढतो, याचा हिशेब कांडीत दिसत नाही.

आपली अंतरंही लक्षात घ्या. धडगाव-अक्कलकुव्याचा रुग्ण आधी नंदुरबारला, तिथून धुळ्याला हिरे महाविद्यालयात आणि तिथून कधी नाशिकला जातो. चोपडा-यावलच्या पाड्यांवरचा रुग्ण जळगावला येतो. इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झालं म्हणून निदान पुढचा एक टप्पा वाचला. चाळीसगावचा रुग्ण संभाजीनगरला न्यायचा तर मधे कन्नड घाट, आणि २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तिथं दरडी कोसळल्या तेव्हा घाटात वाहनं कशी अडकून पडली ते आपण पाहिलं आहे. राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि त्यांतल्या २३३ गाड्या प्रगत जीवनरक्षक होत्या. त्या गाड्यांनी खानदेशात किती जीव वाचवले, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच त्या गाडीतल्या पेटीबद्दल बोलायचा मला हक्क वाटतो. खड्ड्यातल्या धक्क्यानं ईसीजीची रेघ अशी नाचते, की क्षणभर व्हीटी सुरू झाल्यासारखं वाटावं. नवशिका डॉक्टर शॉकच्या पॅडकडे हात नेतो. नाडीवर बोट ठेवल्यावर कळतं, रस्ता हालतोय.

हे सगळं एका कारणानं होतं, असं माझं ठाम मत आहे. हा मॉनिटर खाटेशेजारच्या मॉनिटरला लहान करून बनवलेला असतो. खाट हलत नाही, तिच्याशी प्लग असतो, सावली असते आणि बघणारा माणूस समोर असतो. प्रवासात यांतलं एकही नसतं. प्रवासाची गरज आधी मांडून मग पेटी आखली असती, तर पडदा फिरता झाला असता, ट्रॉलीच्या कठड्याला अडकवायचा हूक यंत्रासोबतच आला असता आणि सॅच्युरेशनचा अलार्म लीडच्या अलार्मसोबत गप्प बसला नसता. अशी यंत्रं जगात बनतात. रस्त्यावरच्या आणीबाणी सेवेतल्या उपकरणांसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक २०१४ पासून आहे. आपल्या निविदांमध्ये त्याचा उल्लेख का नसावा?

कोविडात, २०२१ साली, संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयातल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला, तेव्हा दोष यंत्रात की वापरणाऱ्यांत यावर वाद झाला. आपल्याकडे हा वाद बहुधा वापरणाऱ्याच्या विरुद्ध निकाली निघतो, कारण त्यानं काही लिहून ठेवलेलं नसतं. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारी मटेरिओव्हिजिलन्स योजना देशात २०१५ पासून चालू आहे, गाझियाबादहून तिचं काम चालतं. खानदेशातून तिकडे किती कागद गेले? मी स्वतः त्या लिफ्टमधल्या रात्रीची ओळही कुठं नोंदवली नव्हती. तेव्हा ही योजना नव्हती हे खरं, पण खरेदी समितीला दोन ओळींचं पत्र मला लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून या परिषदेत आम्ही एक बदल केला आहे. सभागृहाच्या डाव्या दाराशी एक जुनी ट्रॉली उभी आहे. तिच्यावर वाळूच्या पोत्यांनी साठ किलोचा ‘रुग्ण’ केला आहे आणि वेगवेगळ्या बनावटीचे तीन मॉनिटर शेजारी ठेवले आहेत. कंपन्यांची नावं कागदानं झाकली आहेत. जेवणाआधी प्रत्येकानं ही ट्रॉली उतारावरून लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावर आणि तिथून अंगणातल्या उन्हात उभ्या गाडीपर्यंत न्यायची. डॉक्टरांनी पायाशी राहून ट्रॉली ओढायची, मामा-मावश्यांनी डोक्याशी थांबायचं. जे दिसलं, जे दिसलं नाही, जे ऐकू आलं नाही, ते वहीत लिहायचं. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा. बांभोरी, शिरपूर आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं मागच्या रांगांत बसली आहेत, ती वही संध्याकाळी त्यांच्या हाती जाईल.

वहीची पहिली ओळ कुणी लिहायची हे आम्ही आधीच ठरवलं आहे. त्या रात्री निळा आकडा पाहणारे मामा निवृत्त झाले, पण आज मुद्दाम आले आहेत. त्यांनी पुढं यावं, आणि उद्घाटकांनी त्यांच्यासोबत ट्रॉलीपाशी चलावं, अशी माझी विनंती आहे.