एकटीने उभारता येईल असा तंबू
(गणेशोत्सवानिमित्त किला गेट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी ‘तंबू’ म्हटले, तर फोनवर क्षणभर शांतता पसरली. खरे तर ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तंबूचे नवल वाटू नये. दौलतराव शिंद्यांची फिरती छावणी १८१० मध्ये या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली. राहुट्या आणि कनाती जाऊन वाडे आले, पण वस्तीचे नाव लष्करच राहिले. आपण छावणीची लेकरे आहोत. फरक एवढाच, की तेव्हा तंबू ठोकायला फरास असत. माझ्याकडे फरास नाही.

माझे वय अडुसष्ट. डाव्या खुब्याचा सांधा बदललेला आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, हातात काठी आहे. जमिनीवर बसले की उठवायला माणूस लागतो. तरी थंडीत दोन-तीनदा तिघरा धरणाकडच्या एका ओळखीच्या शेतावर मी एकटी रात्र तंबूत काढते. मुलगा म्हणतो, ‘आई, त्यापेक्षा चांगल्या हॉटेलात राहा.’ त्याचे प्रेम मला कळते. पण घरात पाण्याचा पेलासुद्धा कुणीतरी हातात आणून देते. माझे छप्पर मी उभे केले आणि मीच उतरवले, हे समाधान हॉटेलात मिळत नाही.

आता मुद्द्याचे. नेहमीच्या तंबूत लांब काड्या जोडून कापडाच्या नळ्यांतून सरकवायच्या, वाकवायच्या आणि टोकाला अडकवायच्या असतात. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. दुसरा प्रकार हवेत भिरकावला की आपोआप उघडणारा. उघडतो झकास, पण परत गोल घडी घालताना वाकून, पिळून, दाबून धरावा लागतो. तिसरा छत्रीसारखा. काड्या आधीच जोडलेल्या असतात. हा बरा, पण सांधे खटकन बसवायला मनगटात जोर हवा.

चौथा हवेचा. यात काड्यांऐवजी जाड आवरणातल्या हवेच्या नळ्या असतात. कापड पसरायचे, चार कोपरे जमिनीला पक्के करायचे आणि पंप जोडायचा. नळ्या भरतात तसा तंबू स्वतःच उठून उभा राहतो. दाब साधारण पाच ते नऊ पीएसआय लागतो. नेमका आकडा बनवणाऱ्याने पंपावर किंवा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो. गादी फुगवायचा पंप इतका दाब देऊच शकत नाही. गाडीच्या टायरचा छोटा कॉम्प्रेसर दाब देतो, पण हवा इतकी थोडी सोडतो की बसून कंटाळा येतो. हातपंपाला दर खेपेला कमरेतून वाकावे लागते. म्हणून गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा, ठरलेल्या दाबाला आपोआप थांबणारा विजेचा पंप घ्या. मी खुर्चीवर बसून बटण दाबते.

आपल्या हवामानाची एक गोष्ट. पहाटे पंधरा अंशांत सात पीएसआय भरलेली नळी उन्हात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली, तर दाब नऊच्या वर जातो. म्हणून दुपारी थोडी हवा सोडावी आणि संध्याकाळी गारवा आला की पुन्हा भरावी. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तर हा नादच करू नये.

विकत घेताना दुकानात तंबू उभा करायला लावा आणि चार गोष्टी स्वतः करून पाहा. पहिली, दारातून मान वाकवून का होईना, पण चालत आत जाता येते का. दुसरी, आत घडीची खाट मावते का. खाट खुर्चीइतकी उंच हवी, म्हणजे सकाळी आपले आपण उठता येते. खाट नसेल तर तंबू कितीही सोपा असला तरी निरुपयोगी. तिसरी, दाराचा उंबरा. पाणी अडवायला कापडाची पट्टी उभी असते. ती खाली पाडता यायला हवी, नाहीतर काठी तिथेच अडकते. चौथी, बसल्या जागेवरून चेन दोन्ही बाजूंनी उघडते का.

आता उणी बाजू. हवेचा तंबू जड असतो. चौघांचा घेतला, आणि खाटेसाठी तेवढा लागतोच, तर वजन सहज दहा किलोंच्या पुढे जाते. म्हणून तो खांद्यावरचा नव्हे, गाडीतून न्यायचा तंबू. मी चाकांच्या ट्रॉलीवर ओढते. पिशवी मापापेक्षा मोठी शिवून घेतली आहे, म्हणजे घडी नीट नसली तरी चालते. मेखा यालाही ठोकाव्या लागतातच. आपली जमीन कठीण; त्यासाठी लांब दांड्याचा हातोडा आणि मेख उपटायला लांब आकडा ठेवते. तणाव्याच्या दोऱ्या भडक रंगाच्या घ्या, रात्री पाय अडकायला नको. प्रत्येक नळीचा व्हॉल्व्ह वेगळा असलेला तंबू घ्या. एक फुटली तरी बाकीच्या उभ्या राहतात. ठिगळाचे साहित्य जवळ असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. जानेवारीत थंडी कितीही वाजो, तंबूत अंगीठी किंवा शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेत माणूस जातो. जास्तीची रजई घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या. एकटे जाताना जागा आणि परतीची वेळ घरी सांगा, गळ्यात शिट्टी अडकवा, मोबाइल उशाशी ठेवा. जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नको. ओळखीचे शेत, जिथून हाक ऐकू जाईल, ते उत्तम.

माझ्या वयाच्या मैत्रिणींना एवढेच सांगते. मुले ‘नको’ म्हणतात ती काळजीने. त्यांच्याशी भांडू नका. एक दिवस अंगणात किंवा गच्चीवर त्यांच्यादेखत तंबू उभा करून दाखवा. हातभार लावायला येतील, तेव्हा हसून म्हणा, ‘बस तू, चहा घे.’ माझ्या मुलाने तो चहा घेतला. त्यानंतर त्याने हॉटेलाचे नाव काढले नाही. ट्रॉलीच्या चाकांना तेल मात्र तोच घालतो.