अपंग वाहनचालक व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवापूर्वी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा, ‘गाडी उभी करण्याचा’, असे उत्तर आम्ही दिले. त्यांस ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

गेल्या लग्नसराईतील गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीतील, ह्याच कार्यालयात एका लग्नास आला होता. बालपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. आज तो स्वतःची मोटार स्वतः चालवितो. ब्रेक आणि वेग ही दोन्ही कामे हाताने करता येतील, अशी योजना तिच्यात केलेली आहे. त्या दिवशी दारापाशी आचाऱ्यांचा टेम्पो व पाहुणेमंडळींच्या मोटारी दाटीने उभ्या होत्या. बाहेर रस्त्यावर एक फट होती. परंतु तेथे दार पुरते उघडेना, मग चाकांची खुर्ची उतरविणार कशी? अर्धा तास फेऱ्या घालून तो घरी परतला. दुसऱ्या दिवशी आहेराचे पाकीट आमच्या हाती देत म्हणाला, “गुरुजी, अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या.” दाराशी उभ्या असलेल्या मोटारींपैकी एकीतून आम्हीच उतरलो होतो, हे त्यास ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते. म्हणून आज हा विषय.

प्रथम आपल्या घरांविषयी बोलू. हा विद्यार्थी शाळेत असताना त्याच्या वडिलांस आम्ही अपंगत्वाचा दाखला काढण्यास सांगितले होते. ते म्हणाले, “गुरुजी, घरात दोन मुली उजवायच्या आहेत. कागदावर ते लिहून कशाला घेऊ?” त्यांस दोष देण्याचे आमच्या मनात नाही, सोयरीक ठरविताना आपणच घराघरांतून तसल्या चौकश्या करीत होतो. परिणाम असा झाला की, मुलाने तिशी उलटल्यावर स्वतःच तो दाखला काढला. तोपर्यंतच्या साऱ्या सवलती बुडाल्या, आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसून प्रवास करण्यात तारुण्य गेले.

देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 साली आढळला व 2014 साली आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु रस्त्यावरील अपघात, मधुमेह आणि पक्षाघात हे कोणाच्याही उंबऱ्यावर येतात. तेव्हा ही माहिती दुसऱ्या कोणासाठी आहे, असे कोणी समजू नये.

पहिली पायरी दाखल्याची. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. 1995 सालच्या कायद्यात ते सातच होते. स्वावलंबन ह्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते, अपंगत्वाचे प्रमाण शेकड्यांत ठरते, आणि देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींस किमान 40 टक्के हे प्रमाण लागते. त्याहून कमी भरले तरी दाखला जपून ठेवावा.

दुसरी पायरी वाहन चालविण्याच्या परवान्याची. हात वा पाय अधू म्हणजे परवाना नाही, ही समजूत चुकीची आहे. ज्यास साधी मोटार चालविता येत नाही, पण त्याच्यासाठी अनुकूल केलेली चालविता येते, त्यास तशा वाहनाचा परवाना देण्याची तरतूद 1988 सालच्या मोटार वाहन कायद्यातच आहे. चाचणी मात्र त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावयाची असते. ह्या वाहनास त्या कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असे नाव होते. इंग्रजीत ‘इन्व्हॅलिड’ ह्या शब्दाचा एक अर्थ दुर्बल आणि दुसरा अर्थ रद्दबातल! 2019 सालच्या दुरुस्तीने तो शब्द गेला आणि ‘अडॅप्टेड व्हेईकल’, म्हणजे अनुकूलित वाहन, हा शब्द आला. केवळ शब्दच बदलला असे नाही. पूर्वीच्या व्याख्येत मुळापासून खास बांधलेलेच वाहन बसत असे. आता साध्या वाहनात रीतसर फेरफार करून घेतले तरी ते व्याख्येत बसते.

‘रीतसर’ ह्या शब्दावर आमचा भर आहे. स्कूटरला मागे दोन चाके जोडली, मोटारीला हाताचा ब्रेक बसविला, आणि परिवहन कार्यालयास कळविलेच नाही, असे पुष्कळ ठिकाणी घडते. परवानगी घ्यावी, फेरफाराची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी, विमा कंपनीसही कळवावे. 2020 पासून नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारांत ‘दिव्यांगजन’ असा स्वतंत्र प्रकार आहे. तो भरावयास विसरू नये. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 सालच्या शुल्कनियमांत अपंग व्यक्तीसाठी खास बनविलेल्या वाहनास पथकर माफ आहे. ती माफी मागावयाची तर आधार ह्या नोंदीचाच.

आता क्रमांकाच्या पाटीविषयी. आपल्याकडे अपंग चालकाच्या गाडीस वेगळी पाटी नसते. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या वाहनांस सर्वांना सारखीच, सुरक्षित पद्धतीची पाटी बसविलेली येते. तिच्यावर आणखी काही लिहू वा चिकटवू नये. चाकांच्या खुर्चीचे निळे चिन्ह लावावयाचे ते काचेवर, समोरचे दिसण्यास अडथळा येणार नाही अशा बेताने. पण चिन्ह बाजारात कोणासही मिळते. हक्क सिद्ध होतो तो ओळखपत्राने व नोंदणीपुस्तकाने. ती दोन्ही गाडीत असावीत.

परदेशी असलेल्या आपल्या सभासदांस निराळी पद्धत परिचित असेल. अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, डॉक्टरांनी प्रमाणित केलेला अर्ज मोटार खात्याकडे दिला की, आरशास अडकविण्याचे एक पत्रक मिळते. कायमच्या अपंगत्वास निळे, तात्पुरत्यास तांबडे. खुर्चीचे चिन्ह असलेली क्रमांकाची पाटीही घेता येते. पत्रक माणसाच्या नावाचे असते. तो ज्या गाडीतून जाईल तिच्यात ते लावावे, गाडी चालू करण्यापूर्वी काढून ठेवावे. आजोबांचे पत्रक लावून नातवाने बाजारात गाडी उभी केली तर तो गुन्हा ठरतो. हक्क माणसाचा आहे, गाडीचा नव्हे, हे तत्त्व आपणही ध्यानी घेण्याजोगे आहे. राखीव जागी गाडी लावून कोणी चालत उतरला म्हणून लगेच नाके मुरडू नयेत. कृत्रिम पाय धोतराआड वा पाटलोणीआड दिसत नाही. तसेच घरी एक ओळखपत्र आहे म्हणून धडधाकट मुलांनी ती जागा अडवू नये.

जागेचेही शास्त्र आहे. सरकारी मार्गदर्शक नियमांत अशी जागा 3.60 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरांच्या आत असावी, असे सांगितले आहे. साधी जागा अडीच मीटरांची असते. हे वाढीव मीटरभर कशासाठी? मोटारीचे दार पुरते उघडावे, शेजारी चाकांची खुर्ची मांडावी आणि त्या माणसाने कोणाचा हात न धरता तिच्यात बसावे, एवढ्यासाठी. त्या मीटरात आपण एक स्कूटर जरी उभी केली, तरी सारी व्यवस्था फुकट जाते.

ह्यास्तव मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या कार्यालयाच्या दारालगत अशा दोन जागा आखाव्यात, तेथून मांडवापर्यंत पायरी न ठेवता उतार करावा, आणि कार्यालय भाड्याने देताना त्या मोकळ्या ठेवण्याची अट पावतीवर छापावी. अध्यक्षांची गाडी असो की आचाऱ्यांचा टेम्पो, अपवाद नको. दुसरी, अर्ज भरण्यास साहाय्य करण्यासाठी सेवानिवृत्तांनी महिन्यातून एक रविवार येथे बसावे. आमचे नाव प्रथम लिहून घ्यावे. तिसरी सूचना ठरावाने साधणारी नाही. भावाच्या ओळखपत्रावरून बहिणीचे मोल ठरविण्याची खोड आपण सोडली पाहिजे. ती सुटेपर्यंत दाखले पेटीतच राहतील, आणि मुलेही घरातच राहतील.

त्या विद्यार्थ्याच्या पुतणीचे लग्न येत्या वैशाखात ह्याच कार्यालयात ठरले आहे. तोवर पांढरा रंग व एक फळी, एवढा खर्च मंडळास जड नाही. तो जमला नाही तर आम्ही पेन्शनीतून करू; परंतु मंडळाने केला तर त्यास अधिक गोड वाटेल. त्या दिवशी आम्ही मात्र रिक्षाने येऊ.