स्नायूंतील मेद आणि व्यायाम
(मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही स्नायूंसारखा रूक्ष विषय का निवडला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु आपल्या कोणत्याही पंगतीत पुरणपोळी वाढू लागले, की “मला अर्धीच, साखर आहे” हे वाक्य किती पानांवरून ऐकू येते, याचा विचार केला म्हणजे निराळे कारण सांगावे लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. यांतील कितीतरी माणसे पाहताक्षणी लठ्ठ वाटतही नाहीत.

या कोड्याचा एक धागा पुण्यात सापडतो. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. वजनास उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तराजूने दोघांस एकाच मापाने मोजले. आतला ऐवज मात्र निराळा होता. हा फरक पाळण्यापासून असतो, असे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात दिसून आले. तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून पुष्कळ हलकी. त्यांत स्नायू अधिक उणे आणि मेद त्या मानाने राखलेला. आपल्याकडे स्नायूंचे भांडवलच मुळात तुटपुंजे. म्हणून त्याची निगा अधिक राखावयास हवी.

आता स्नायूच्या आत डोकावू. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर इन्शुलिनच्या हुकमाने उचलून घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ती साखर तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. त्याचबरोबर स्नायुतंतूंत मेदाचे अतिसूक्ष्म थेंबही असतात. बसून राहणाऱ्या माणसाच्या स्नायूंत हे थेंब जितके अधिक, तितके इन्शुलिन कमी परिणामकारक, असे दिसून आले. तेव्हा स्नायूंतील मेद हाच शत्रू, असे मानणे सोपे होते. परंतु २००१ साली गुडपास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ पल्ल्याचा सराव असलेल्या खेळाडूंचे स्नायू तपासले, तो त्यांतील मेद मधुमेह्यांपेक्षा मुळीच कमी भरला नाही. आणि तरीही इन्शुलिन त्यांच्यावर उत्तम काम करीत होते.

याचा उलगडा असा होतो. कोठार भरलेले असणे वाईट नव्हे. त्यातील माल न हलणे वाईट. खेळाडूच्या स्नायूत मेदाचे थेंब पेशीच्या भट्ट्यांना, म्हणजे मायटोकाँड्रियांना, लगटून असतात. सरावाने या भट्ट्यांची संख्याही वाढते. आज जळालेला मेद उद्या पुन्हा भरला जातो. बैठ्या माणसाच्या स्नायूत मेद येतो अधिक आणि जळतो कमी. मग डायअॅसिलग्लिसरॉल, सेरामाइड यांसारखी अर्धवट अवस्थेतील द्रव्ये साचतात. इन्शुलिनचा निरोप पेशीच्या दारापासून आत पोहोचण्यात तीच अडथळा आणतात, असे बहुतेक शास्त्रज्ञ समजतात. कोणते द्रव्य अधिक दोषी याबद्दल त्यांचे एकमत नाही; आम्हांस त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही.

व्यायामाचा दुसरा गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. साखर आत घेणारी जी वाहक प्रथिने आहेत, ती इन्शुलिनच्या निरोपावाचूनही, केवळ स्नायू आकुंचन पावल्याने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पुढचे दार अडले तरी मागचे उघडते! हा लाभ कामास लागलेल्या स्नायूलाच मिळतो. स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा संशोधकांनी १९६६ साली एकच सायकल दोन बाजूंनी, प्रत्येकी एका पायाने चालविली. पुढे तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर थकलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठले. रक्त तेच, अन्न तेच. फरक केवळ श्रमाचा.

यावरून आपल्या तालमीतील जुन्या बैठकांचे मोल कळते, कारण मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला, तेव्हा या वाहक प्रथिनांचे नावही कोणास ठाऊक नव्हते.

एका व्यायामाचा इन्शुलिनवरील परिणाम साधारणतः एक-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी लालबागेस चार प्रदक्षिणा आणि सोमवार ते शनिवार कार्यालयातील खुर्ची, हा हिशेब जमत नाही. लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा नसावा. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणेही साखरेचा चढ कमी करते. बेंगळूरच्या हवेत त्यासाठी घामाची सबब सांगता येत नाही, रहदारीची मात्र जरूर सांगता येते! महिनाभर चालूनही वजन हलले नाही म्हणून कित्येक जण निराश होऊन थांबतात. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे, की वरील सारे फेरबदल वजन तसेच असतानाही घडत असतात. काटा ते दाखवू शकत नाही.

जे इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांची साखर व्यायामाने प्रमाणाबाहेर खाली जाण्याचा संभव असतो, प्रसंगी काही तासांनंतरही. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे आणि फिरावयास निघताना खिशात थोडी खडीसाखर ठेवावी.